चार खुर्च्या आणि एक पायली धान

तारीख ५ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी साडेदहा. भंडारा, कोर्टामागच्या गल्लीतलं वकीलसाहेबांचं ऑफिस.

हजर: वकीलसाहेब, त्यांचे कारकून, मी, माझा धाकटा भाऊ, इंदू.

बसलेले: आजोबा, बाबा, मोठी आई, मोठे बाबा.

बसलेले चौघंही वारलेले होते. हजर असलेले आम्ही पाचही जण उभे होतो.

नोंद माझ्या वहीतली आहे आणि जशी होती तशी उतरवली आहे. मी तुमसरच्या एका राइस मिलचं गोदाम सांभाळते. कुठली थप्पी कधी आली, कुठली आधी हलवायची, हे लिहिल्याशिवाय तिथं दिवस निघत नाही. ती सवय घरीही आली. लग्नाचा बाजार असो की दवाखान्याची फेरी, माझ्याकडं यादी असते. व्यवस्थित म्हणावं असं आपल्या ओळखीत एकच माणूस आहे आणि ती मी, असा माझा समज होता. वकीलसाहेबांची गाठ पडली आणि तो गेला.

ते कारध्याला राहत. वैनगंगेचा पूल ओलांडून रोज पायी भंडाऱ्याला येत. पुलावर असताना कोणाशी बोलत नसत. ओळखीच्या माणसानं समोरून नमस्कार केला तरी नजर उचलत नसत. पूल संपल्यावर तोच माणूस भेटला तर त्याच्या घरच्या म्हशीपर्यंत सगळ्यांची चौकशी करत. आमच्या मिलमधले एक गृहस्थ यावर रुसले होते. त्यांना वकीलसाहेबांनी सांगितलं की पुलावर आपण कामात असतो, ऑफिसात फक्त ते लिहून काढतो.

काम एकच: मेलेल्या माणसांच्या मागं राहिलेली घरं, शेतं आणि मृत्युपत्रं. मारामारी, चेक, घटस्फोट ते घेत नसत. आणि मरणाचं प्रकरणही कोणी एकाच मयताचं घेऊन गेलं तर परत पाठवत. एक जण फक्त वडिलांचं मृत्यूचं सर्टिफिकेट घेऊन आला होता. त्याला म्हणाले, "घरी जा, अजून कोण कोण आहेत ते पाहा. मेलेला माणूस एकटा येत नसते." तो चिडून गेला आणि दोन दिवसांनी आजीचं नाव घेऊन आला. शेत तिच्याच नावावर निघालं होतं.

त्यांची पद्धत अशी होती. ऑफिसात भिंतीला लागून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत असे. नवं प्रकरण आलं की ते जितके मयत तितक्या खुर्च्या ओळीनं मांडत. जो आधी गेला त्याची खुर्ची दाराजवळ, जो शेवटी गेला त्याची खिडकीशी. प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. वारसांनी आपापल्या माणसाच्या खुर्चीमागं उभं राहायचं. म्हाताऱ्या, आजारी माणसासाठी बाहेर एक बाक होता, पण आत जिवंत माणसानं बसायचं नाही.

हे मला माहीत नव्हतं. पहिल्या भेटीत एकटीच गेले होते. चार खुर्च्या रिकाम्या दिसल्या म्हणून दुसरीवर बसले. ते कागदातून मान वर न करता म्हणाले, "उठा, बाई. तिथं तुमचे वडील बसले आहेत."

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी उठले आणि उठताना पदर सारखा केला, तो काहून ते मलाही कळलं नाही.

मेलेल्यांविषयी ते वर्तमानकाळात बोलत. तुमचे आजोबा सही करते का अंगठा देते, असं विचारत. मोठी आई कोणाचं ऐकते, असं विचारत. मला आधी हसू आलं. दुसऱ्या भेटीत मीच सांगत होते की आजोबा सही करतात, पण शेवटचं अक्षर ओळीच्या खाली जातं.

आमचं प्रकरण सांगते. आसगावचं घर आणि धानाचं शेत आजोबांच्या नावावर होतं, आणि ते गेल्यावरही तसंच राहिलं. आजोबांना दोन मुलगे. थोरले ते मोठे बाबा, धाकटे माझे बाबा. दोघांनी तोंडी वाटणी केली होती. घर आणि घरालगतची बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, मोठ्या बाबांकडं, बाकीचं शेत आमच्याकडं. कागदावर काहीच नाही. बाबा गेले. त्यांच्या मागं मी आणि माझा भाऊ, दोघंच. मोठे बाबा आणि त्यांची बायको, जिला आम्ही मोठी आई म्हणायचो, यांना मूलबाळ नव्हतं. इंदू मोठ्या आईच्या माहेरच्या नात्यातली. आईबाप गेले तेव्हा आठ वर्षांची होती, तेव्हापासून आसगावच्या घरात. दत्तक वगैरे कोणी घेतलं नाही, तशी कोणाला गरज वाटली नाही. आता ती चाळिशीची आहे. शेवटची सहा वर्षं त्या दोघांचं उठणंबसणं तिच्या हातांवर होतं. मोठ्या आईनं मृत्युपत्र केलं होतं, साक्षीदारांच्या सह्यांचं, नीट. त्यात एकच गोष्ट लिहिली होती: माझं जे काही असेल ते सगळं इंदूला. मोठ्या बाबांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर, दोघंही दोन दिवसांत गेले. सर्टिफिकेटवर मोठी आई आधी आणि मोठे बाबा दुसऱ्या दिवशी.

तीन अर्ज तीन टेबलांवर होते. आजोबा आणि मोठे बाबा यांचे वारस म्हणून माझ्या भावानं लावलेला एक, बाबांच्या हिश्श्याचा एक आणि मोठ्या आईच्या मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता मिळावी म्हणून इंदूचा एक. इंदूचा वकील वेगळा होता. वकीलसाहेबांनी आमचं वकीलपत्र घेताना अट घातली की तिन्ही प्रकरणं एकत्र चालवायची, आणि त्याआधी इंदूला तिच्या वकिलाला सांगून इथं बोलवायचं. भावाला ते पटलं नाही. आपला वकील त्यांच्या माणसाला कायले बोलावतो, असं तो मला बाहेर येऊन म्हणाला. मीही वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "एकट्या मेलेल्या माणसाले कोणी काही विचारत नाही, बाई. चौघं जवळ बसवा, मंग ते एकमेकांले विचारतेत."

आणखी एक अट होती. ज्या जमिनीचा वाद त्या जमिनीतलं एक पायली धान आणायचं. मी आसगावहून आणलं. ते त्यांनी पितळेच्या गंजात ओतलं आणि ५ फेब्रुवारीला आजोबांच्या खुर्चीवर ठेवलं.

मग त्यांनी वाटप सुरू केलं. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस, बाह्या दुमडलेल्या, ओंजळीनं धान मोजत होता. आजोबांच्या गंजातून दोन भांडी सारखी भरली. एक बाबांच्या खुर्चीवर. त्यातून दोन वाट्या, एक माझ्या हातात आणि एक भावाच्या. खाली पडलेले दाणे कारकुनांनी वेचून परत दिले. मी अकरा वर्षं वारसा, हिस्सा, फेरफार हे शब्द ऐकत होते. त्या सकाळी पहिल्यांदा मला ते दिसले. आजोबांचं काहीतरी बाबांच्या खुर्चीवर थांबून माझ्या तळहातावर आलं होतं आणि त्याला वजन होतं.

दुसरं भांडं मोठ्या बाबांचं. ते हातात घेऊन वकीलसाहेब उभे राहिले. ओळीत मोठी आई तिसरी आणि मोठे बाबा चौथे होते, कारण सर्टिफिकेट तसं सांगत होतं. ती आधी गेली, म्हणजे ती गेली तेव्हा घर नवऱ्याचंच होतं. तिच्या मृत्युपत्रात देण्यासारखं काही उरत नव्हतं. मोठ्या बाबांच्या मागं बायको नाही, मूल नाही, मग राहिलो आम्ही, पुतणे. ते भांडं आमच्याकडं वळणार होतं. आणि तेच जर आधी गेले असतील, तर घर आधी मोठ्या आईकडं आणि तिच्याकडून इंदूकडं.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येक प्रकरणात विचारत, असं कारकून सांगायचे. "हे बसले, ते बरोबर बसले का?"

भाऊ म्हणाला, बरोबर.

इंदू मोठ्या आईच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. ती म्हणाली, "मले काय समजते, साहेब. ताई म्हणन तेच. ताई लिहून ठेवते सगळं."

मी म्हणाले, बरोबर.

वकीलसाहेबांनी मान हलवली. भांडं आमच्याकडं दिलं नाही. मोठ्या बाबांच्या खुर्चीवर ठेवून दिलं आणि म्हणाले, आज इतकंच.

आठ दिवस त्या खुर्च्या तशाच होत्या. कारकून सांगायचे की दुसऱ्या प्रकरणांना जागा उरली नाही, लोक व्हरांड्यात उभे राहतात, पण साहेब हलवू देत नाहीत. उंदीर येतात म्हणून संध्याकाळी ते भांड्यावर ताटली झाकतात आणि सकाळी काढतात. मी कामासाठी भंडाऱ्याला येत होते आणि गरज नसताना त्या गल्लीतून जात होते. उघड्या दारातून चार खुर्च्या दिसत. तिसरी आणि चौथी मला नीट पाहवत नव्हती.

आता मंडईचं सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी येतात, दुकानं लागतात, दुपारी ढोलावर नाचगाण्याची दंडार होते, रात्री नाटक. आसगावच्या आमच्या भागातली मंडई मोठ्या बाबांनी जन्मभर उभी केली. मी मेलो तरी मंडई थांबवू नका, असं ते दरवर्षी म्हणत आणि लोक हसत. मागच्या मंडईला मोठी आई भंडाऱ्यात दवाखान्यात होती, भाऊ तिच्यापाशी होता. मी आसगावला होते. दुपारी बारा वीसला मोठे बाबा गेले. बाहेर दंडारीचा ढोल सुरू झाला होता. मंडई कमिटीची तीन जुनी माणसं आत आली, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, उद्या. घराघरांत पाहुणे, चुली पेटलेल्या. मरण सांगितलं असतं तर सगळं जागच्या जागी थांबलं असतं. मी हो म्हटलं. इंदू आतल्या खोलीत दार लावून त्यांच्या उशाशी बसली. संध्याकाळी पाचला दवाखान्यातून भावाचा फोन आला, मोठी आई गेली. नवरा गेल्याचं तिला सांगितलेलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठे बाबा गेल्याचं जाहीर केलं. दोघांना एकदमच नेलं. गावानं एक गोष्ट तयार केली: बायको गेल्याचं कळलं आणि म्हाताऱ्यानं जीव सोडला. बायाबापड्या ती सांगताना रडत. ऐकायला इतकी चांगली होती की मलाही कधी कधी खरी वाटे. ग्रामपंचायतीचा फॉर्म भरायला माझ्याकडं दिला, अक्षर चांगलं म्हणून. तारखेच्या रकान्यात मी दुसरा दिवस लिहिला. तेव्हा ते घर, ते मृत्युपत्र, यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. नंतर आलं. आलं तेव्हा मी गप्प राहिले.

नवव्या दिवशी मी वही घेऊन गेले. दार उघडं होतं, वकीलसाहेब एकटे होते. मी मंडईच्या दिवसाचं पान काढून समोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"बारा वीस, मोठे बाबा गेले. एक, मधलं दार बंद. दोन, इंदू आत बसेल. तीन, भावाला फोन. चार, बर्फ नाही, लोक विचारतील. पाच, पाहुण्यांचं जेवण वेळेवर."

पाचही कामांपुढं बरोबरच्या खुणा होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली सर्टिफिकिटं पाहून राहिलो. ज्या गावची मंडई, त्या गावात त्या दिवशी कोणीच मरत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मरतेत."

मग मला पहिल्याच दिवशी का नाही बोललात, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मी कसा बोलणार, मी कुठं तिथं होतो.

त्यांनी खुर्च्यांकडं बोट केलं. "आता बदला. तुमी बदला, मी हात लावत नाही."

प्लास्टिकची खुर्ची एका हातानं उचलते. गोदामात पोत्यांच्या थप्प्या हलवून घेतलेली बाई आहे मी. पण मोठ्या बाबांची खुर्ची मी भांड्यासकट दोन्ही हातांनी धरून, दाणा सांडू न देता, तिसऱ्या जागी आणली आणि मोठ्या आईची खिडकीशी नेली. वकीलसाहेबांनी भांडं उचललं, मोठ्या आईच्या खुर्चीवर रिकामं केलं आणि त्यातलं सगळं धान एका पिशवीत भरून वर चिठ्ठी लावली: इंदू.

त्याच दुपारी त्यांनी भावाला बोलावून त्याचं वकीलपत्र परत केलं. दोघांचं हित आता एक राहिलं नाही, म्हणाले. भाऊ व्हरांड्यात माझ्यासमोर आला. त्यानं दवाखान्यातल्या बाकावर मोठ्या आईसाठी सतरा दिवस काढले होते. आसगावच्या त्या घरात तो जन्मला होता. लोभी माणूस नाही तो. तो एवढंच म्हणाला, "ताई, तुले कोणी विचारलं होतं का?"

विचारलं होतं, मी म्हणाले. तो गाडी काढून नागपूरला आपल्या घरी निघून गेला.

कोर्टात मी वकीलसाहेबांना एकदाच पाहिलं. न्यायाधीश नवे होते, बाहेरच्या जिल्ह्यातले. तीन प्रकरणं एकत्र चालवायचा अर्ज पाहून त्यांनी विचारलं की एवढी गुंतागुंत कशासाठी. वकीलसाहेब उभे राहिले. आवाज मुळात बारीक होता, पण मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. "साहेब, प्रकरण एकच आहे. माणसं चार आहेत," म्हणाले, आणि त्यांनी आजोबांपासून मोठ्या आईपर्यंत कागद न पाहता सांगितलं, कोण केव्हा गेलं आणि जाताना कोणाच्या हातात काय होतं. दहा मिनिटंही लागली नाहीत. मला साक्षीची भीती होती, तरी ती विसरून ऐकत राहिले. मला वाटलं, आमचं सगळं घर त्या खोलीत येऊन आपापल्या जागी उभं राहिलं.

अर्ज मंजूर झाला. दवाखान्याच्या कागदावर मोठ्या आईची वेळ होती. मोठ्या बाबांच्या वेळेचा पुरावा म्हणजे माझी वही, इंदू, आणि कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ, जे साक्ष द्यायला धुवट धोतर नेसून आले. खोटी तारीख का सांगू दिली, असं विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, मंडई त्याचीच होती." मला न्यायाधीशांनी उभं करून चांगलंच सुनावलं. ते सगळं मी ऐकून घेतलं. माझ्या अक्षरातलीच चूक होती.

निकाल इंदूच्या बाजूनं लागला. घर आणि घरालगतची बांधी आता तिच्या नावावर आहे. वकीलसाहेबांनी पायलीभर धान ज्याचं त्याला परत दिलं, माझी वाटी मला, भावाची वाटी बंद पाकिटात माझ्याकडेच, त्याला पोचवायला. इंदूनं तिची पिशवी त्याच पावसाळ्यात पऱ्ह्यांत, रोपांच्या वाफ्यात, टाकली. पायलीभर नव्हतंच ते, पण एका कोपऱ्याची रोवणी झाली.

शेवटचं भेटले ते वहीसाठी. कोर्टातून त्यांनी ती सोडवून आणली होती. पान उघडून त्यांनी तिसऱ्या कामावर पेन्सिल टेकवली. माझ्या यादीबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून फार चांगलं नव्हतं. नंबर टाकल्यानं क्रम लागत नाही, असं ते म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "मेलेल्यांचं काम झालं. यातलं हे एक पुन्हा निघालं आहे, बाई."

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. कारध्याच्या घरी मी सांत्वनाला गेले तेव्हा अंगणात पंधरावीस पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, ऑफिसातल्याच. अंगण माणसांनी भरलं होतं. तुमसरचे व्यापारी होते, पवनीकडचे शेतकरी होते, दोन निवृत्त न्यायाधीश होते. एकही माणूस बसलेला नव्हता. त्यांची मुलगी, जी पुण्याहून आली होती, सारखी म्हणत होती, बसा ना, सगळे उभे का? कोणी तिला कारण सांगितलं नाही. आम्ही तास दीड तास उभे राहिलो आणि निघालो. परत येताना पुलावर माझ्या ओळखीचे चार जण भेटले. आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पूल संपल्यावर बोललो.

आजच्या यादीत पाच कामं आहेत. गोदामाच्या कुलपाला तेल झालं. इंदूला बियाण्याचं सांगणं झालं. वीजबिल झालं, मिलच्या वजनकाट्याची तपासणी झाली. भावाच्या वाटीचं पाकीट टेबलावर आहे, आणि तिसऱ्या नंबरापुढं अजून खूण नाही: भावाला फोन.